बहिरेपणाची कबुली आणि श्रवणाचें मोजमाप

दृष्टि मंदावली म्हणजे मनुष्य ती गोष्ट चारचौघांत सहज बोलून दाखवितो, चष्मा करून घेतो आणि तो नाकावर चढवून निःशंकपणें वावरूं लागतो. कान मंदावले म्हणजे मात्र तोच मनुष्य ती गोष्ट प्रथम जगापासून व पुढें स्वतःपासूनही लपवूं लागतो. अंधत्वाविषयीं लोकांच्या मनांत करुणा उत्पन्न होते. बहिरेपणाच्या वांट्यास बहुधा हंसें येतें. विचारलें एक आणि उत्तर दिलें भलतेंच, असल्या बहिऱ्यांच्या गोष्टी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात असून रंगभूमीवरही त्यांच्या जोरावर हंशा पिकविला जातो. या हंशाच्या धाकानेंच असंख्य माणसांनीं आपला बहिरेपणा वर्षानुवर्षें झांकून ठेवला आणि जी मदत मिळण्यासारखी होती तिलाही तीं मुकलीं. म्हणून श्रवणमंदतेचा इतिहास म्हणजे केवळ यंत्रांचा व औषधांचा इतिहास नव्हे. तो कबुलीचाही इतिहास आहे. ही कबुली सुलभ कशी झाली, हें पाहूं गेल्यास असें दिसून येतें कीं, ऐकूं न येणें जसजसें मोजतां येऊं लागलें, तसतसें तें स्वभावाचा दोष न राहतां शरीराची एक स्थिति ठरत गेलें.

या इतिहासाचा आरंभ व्हिएन्ना शहरांत, संगीताच्या ऐन दरबारांत करणें योग्य होईल. लुडविग व्हान बीथोव्हेन याचा जन्म १७७० सालीं ऱ्हाइन नदीकाठच्या बॉन शहरीं झाला. १७९२ सालीं तो व्हिएन्नास आला आणि पियानोवादक व रचनाकार म्हणून थोड्याच वर्षांत त्याची कीर्ति सर्वत्र पसरली. परंतु वयाची तिशी उलटण्यापूर्वींच त्याच्या कानांत अहोरात्र गुणगुण सुरू झाली आणि श्रवणशक्ति क्षीण होत चालली. २९ जून १८०१ रोजीं त्यानें आपला जुना मित्र डॉक्टर फ्रान्झ वेगेलर यास एक पत्र लिहिलें. त्यांत त्यानें आपल्या मनांतील हें शल्य मोकळेपणीं उघड केलें आहे. दोन वर्षें त्यानें लोकांत मिसळणें जवळजवळ सोडून दिलें होतें. कारण आपण बहिरे आहों असें लोकांना सांगणें त्याला अशक्य वाटत होतें. दुसरा कोणताही व्यवसाय असता तर कसेंबसें निभावलें असतें. परंतु संगीतकारानें ही गोष्ट कोणत्या तोंडानें सांगावी, आणि त्याच्या शत्रूंनीं ती ऐकली तर ते काय म्हणतील, ही भीति त्याला पोखरीत होती.

याच पत्रांत त्यानें आपल्या विकाराचें जें वर्णन केलें आहे, तें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. नाटकगृहांत पात्रांचें बोलणें समजावें म्हणून त्याला वाद्यवृंदाच्या अगदीं जवळ बसावें लागे. थोडें दूर बसल्यास वाद्यांचे आणि गळ्याचे उंच सूर त्याला ऐकूंच येत नसत. कोणी हलक्या आवाजांत बोलल्यास आवाज कानीं पडे, पण शब्द उमगत नसत. आणि कोणी ओरडूं लागल्यास तें असह्य होई. नवल असें कीं, संभाषणांत त्याची ही उणीव लोकांच्या ध्यानांत येत नसे. तो मुळचाच तंद्रींत असणारा, अशी त्याची ख्याति असल्यामुळें न ऐकण्याचा दोष लोक त्या तंद्रीवर ढकलून मोकळे होत. ही बातमी कोणालाही कळूं देऊं नये, अशी विनवणीही त्यानें मित्रास केली आहे.

वैद्यांनीं आपल्या परीनें उपाय केले. कानांत बदामाचें तेल घातलें, थंड पाण्याचीं व मग कोमट पाण्याचीं स्नानें सांगितलीं, दंडावर झाडाची साल बांधून फोड आणविले. कानाच्या विकाराचें मूळ पोटांत असावें अशी कल्पना असल्यामुळें पोटाचेंही औषध चाललें होतें. परंतु कोणते सूर किती ऐकूं येतात आणि कोणते येत नाहींत, हें मोजण्याचें साधन त्या काळीं वैद्यांपाशीं नव्हतें. १८०२ सालच्या आक्टोबर महिन्यांत व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या खेड्यांत राहत असतां बीथोव्हेननें आपल्या भावांना उद्देशून एक दीर्घ लेख लिहिला. लोक आपणांस तुसडा व माणूसघाणा समजतात, पण त्यामागचें खरें कारण त्यांना ठाऊक नाहीं, असा त्याचा आशय आहे. हा लेख त्यानें कोणास दाखविला नाहीं. १८२७ सालीं त्याच्या मृत्यूनंतर तो त्याच्या कागदपत्रांत सांपडला. पंचवीस वर्षें एक मनुष्य आपल्या दुःखाचें निवेदन स्वतःच्या दप्तरांत जपून ठेवतो, यावरून ही लाज किती खोल गेलेली असते याची कल्पना येईल.

पुढें ही गोष्ट लपण्यासारखी राहिली नाहीं. मेल्त्सेल नांवाच्या यांत्रिकानें त्याच्यासाठीं धातूचे निरनिराळ्या आकारांचे कर्णे तयार केले. ते बॉन येथील त्याच्या जन्मगृहीं जतन केलेले आहेत. १८१८ सालापासून भेटीस येणारे लोक आपलें म्हणणें वहींत लिहून दाखवूं लागले. ७ मे १८२४ रोजीं त्याची नववी सिंफनी प्रथम सादर झाली, तेव्हां श्रोत्यांकडे पाठ करून उभ्या असलेल्या बीथोव्हेनला टाळ्यांचा कडकडाट ऐकूं आला नाहीं, आणि एका गायिकेनें त्याला हातानें वळवून लोकांसमोर केलें, असें सांगतात. या प्रसंगाचें वर्णन करतांना त्याच्या प्रतिभेचा गौरव होतो, आणि तो उचितच आहे. परंतु त्यापूर्वीं वीस-पंचवीस वर्षें जो एकांतवास त्यानें स्वतःवर लादून घेतला, त्याचा विचार फारसा होत नाहीं.

बीथोव्हेनच्या रोगाचें मूळ कांहीं असो, त्यानें वर्णन केलेलीं लक्षणें आजचा कोणताही श्रवणतज्ज्ञ ओळखील. मनुष्याच्या कानांत तीन भाग असतात. बाहेरच्या कानानें गोळा केलेला आवाज पडद्यावर आदळतो. मधल्या कानांतील तीन चिमुकल्या हाडांच्या द्वारें तीं कंपनें आंत जातात. आणि आंतल्या कानांत गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी, द्रवानें भरलेली जी नलिका आहे, तींतील केसाळ पेशी त्या कंपनांचें मज्जातंतूंच्या संदेशांत रूपांतर करतात. प्रत्येक कानांत या पेशी सुमारें पंधरा हजार असतात, आणि एकदां नष्ट झालेली पेशी मनुष्याच्या शरीरांत पुन्हां उत्पन्न होत नाहीं. या नलिकेंत उंच सुरांची जागा तोंडाशीं आणि खालच्या सुरांची जागा शेवटाकडे असते. बुडापेस्ट येथें टेलिफोनच्या प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञानें नलिकेंतील लाटेची ही चाल शोधून काढली व त्याबद्दल त्याला १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

वार्धक्य आणि गोंगाट यांचा घाला बहुधा प्रथम उंच सुरांच्या पेशींवर पडतो. बोलण्यांतील स्वर खालच्या पट्टींतले व जोरदार असतात. उलट स, श, फ, थ यांसारखीं व्यंजनें उंच पट्टींतलीं व दुबळीं असतात. म्हणून अशा मनुष्याला कोणी बोलत आहे एवढें स्पष्ट कळतें, पण ‘साठ’ म्हटलें कीं ‘आठ’, हें कळत नाहीं. मला ऐकूं येतें, पण लोकच हल्लीं तोंडांतल्या तोंडांत बोलतात, ही वृद्धांची नेहमींची तक्रार येथूनच जन्मास येते. ती खोटी नसते, फक्त तिचा रोख चुकलेला असतो. शिवाय आंतल्या कानास इजा झाली असतां बारीक आवाज ऐकूं येत नाहींसा होतो, परंतु मोठा आवाज पूर्वींइतकाच मोठा, किंबहुना बोचरा वाटतो. आजोबांना एकदां हांक मारली तर ऐकूं येत नाहीं आणि मोठ्यानें मारली तर ‘ओरडतां कशाला?’ म्हणून ते रागावतात, यांत लहरीपणा नसून शरीरशास्त्र आहे. १८०१ सालच्या त्या पत्रांत हीं सर्व लक्षणें ओळीनें सांगितलेलीं आहेत. त्यांचा अर्थ लावणारा मात्र तेव्हां कोणी नव्हता.

कान चोरून ठेवण्याची ही रीति राजेरजवाड्यांतही होती. पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव याच्यासाठीं १८१९ सालीं लंडनच्या कारागिरांनीं एक सिंहासन तयार केलें. त्याच्या हातांच्या टोकांशीं सिंहांचीं उघडीं मुखें कोरलेलीं होतीं. भेटीस आलेल्यानें गुडघे टेकून त्या मुखांत बोलावें आणि आंतल्या नळ्यांतून तो आवाज राजाच्या कानापर्यंत जावा, अशी योजना होती. राजाचा बहिरेपणा त्यामुळें राजदरबारच्या शिष्टाचारांत लपून जाई. सामान्य धनिकांसाठीं पंख्यांत, केसांच्या पट्ट्यांत व काठीच्या मुठींत दडविलेले कर्णेही विकले जात. त्या धंद्यांत ऐकण्याच्या सोयीइतकेंच महत्त्व लपविण्याच्या सोयीस होतें.

या रीतीविरुद्ध उघड लेखणी उचलली ती एका स्त्रीनें. हॅरिएट मार्टिनो हिचा जन्म इंग्लंडांतील नॉरविच शहरीं १८०२ सालीं, म्हणजे बीथोव्हेननें आपला तो लेख लिहिला त्याच वर्षीं झाला. लहानपणापासूनच तिचे कान मंद होत गेले व ऐन तारुण्यांत तिला कर्ण्यावांचून संभाषण करणें कठीण झालें. अर्थशास्त्राचे सिद्धांत गोष्टींच्या रूपानें समजावून देणाऱ्या तिच्या पुस्तकमालेमुळें १८३२ नंतर तिचें नांव इंग्लंडभर झालें. १८३४ सालीं तिनें बहिऱ्यांना उद्देशून एक अनावृत पत्र मासिकांत प्रसिद्ध केलें. बहिऱ्यानें आपली स्थिति प्रथम स्वतःशीं मान्य करावी, खोटी लाज टाकून द्यावी, उपयोगी पडेल तें साधन सर्वांदेखत वापरावें, असा तिचा उपदेश होता. त्याच वर्षीं हातांत कर्णा घेऊन ती अमेरिकेस गेली, दोन वर्षें तो देश हिंडली, आणि १८३७ सालीं तेथील समाजावर तिनें ग्रंथ लिहिला. कर्ण्यानें आवाज थोडाच वाढतो. परंतु तो कानाशीं धरल्याबरोबर समोरच्या माणसास परिस्थितीची कल्पना येते व तो जवळ येऊन, तोंड समोर करून, सावकाश बोलूं लागतो. कर्ण्याचा निम्मा गुण या उघडपणांत होता.

कबुलीचें धैर्य असें एकेका व्यक्तीनें दाखविलें, तरी तें सर्वांस साधण्यासारखें नव्हतें. त्यासाठीं मोजमापाची गरज होती, आणि तें एका साध्या वाद्योपयोगी वस्तूपासून सुरू झालें. इंग्लंडांतील जॉन शोअर या तुतारीवाल्यानें १७११ सालीं वाद्यें जुळविण्यासाठीं दोन दांड्यांचा पोलादी नादकांटा तयार केला होता. १८३४ सालीं जर्मन शास्त्रज्ञ वेबर यानें असें दाखवून दिलें कीं, हा कांटा वाजवून कपाळाच्या मध्यभागीं टेकविला आणि एक कान बोटानें बंद केला, तर बंद कानांतच आवाज मोठा वाटतो. १८५५ सालीं रिनं नांवाच्या जर्मन डॉक्टरानें दुसरी परीक्षा सांगितली. वाजता कांटा प्रथम कानामागच्या हाडावर ठेवावयाचा आणि तेथें तो ऐकूं येईनासा झाला म्हणजे कानासमोर धरावयाचा. हवेंतून तो अजून ऐकूं येत असेल तर बाहेरचा व मधला कान शाबूत आहे. हाडावरच अधिक ऐकूं येत असेल तर अडथळा वाटेंत आहे. एका लहानशा पोलादी कांट्यानें असा निर्णय करतां येऊं लागला कीं, दोष कानाच्या वाटेंत आहे कीं आंतल्या यंत्रणेंत. कानाचे डॉक्टर आजही हा कांटा वापरतात.

तथापि दोष किती आहे हें कांट्यास सांगतां येत नव्हतें. तें काम विजेनें केलें. टेलिफोनचा शोध १८७६ सालीं लागला आणि तीनच वर्षांनीं डेव्हिड ह्यूज यानें लंडन येथें विजेच्या वेटोळ्यांच्या साहाय्यानें आवाज क्रमाक्रमानें कमी-जास्त करणारें एक उपकरण दाखविलें. त्यास ऑडिओमीटर, म्हणजे श्रवणमापक, असें नांव मिळालें. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याची आई आणि पत्नी या दोघीही बहिऱ्या होत्या व त्याचें आयुष्य बहिऱ्यांच्या शिक्षणाशीं निगडित होतें, हा केवळ योगायोग म्हणतां येत नाहीं. पुढें त्याच्याच नांवावरून आवाजाच्या मापास डेसिबल हें नांव मिळालें. या मापाची गंमत अशी कीं, दर दहा डेसिबलांस आवाजाची शक्ति दहापट होते. कानांतली कुजबूज सुमारें तीस डेसिबल आणि साधें संभाषण सुमारें साठ डेसिबल धरल्यास त्यांच्या शक्तींत हजारपटींचें अंतर असतें.

१९२२ सालाच्या सुमारास अमेरिकेंतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीनें निर्वात नळ्यांवर चालणारा श्रवणमापक तयार केला, आणि न्यूयॉर्कचे कर्णरोगतज्ज्ञ फाउलर व अभियंता वेगेल यांनीं मनुष्याची श्रवणशक्ति कागदावर आलेखाच्या रूपानें मांडण्याची पद्धति घालून दिली. डावीकडून उजवीकडे सुरांची उंची आणि वरून खालीं आवाजाची तीव्रता, अशा चौकटींत उजव्या कानासाठीं वर्तुळें व डाव्या कानासाठीं फुल्या मांडावयाच्या, ही पद्धति आजही सर्वत्र चालू आहे. त्याच दशकांत शाळांसाठीं ग्रामोफोनच्या तबकडीवर चालणारें एक यंत्र निघालें. एका वेळीं चाळीस मुलें कानास श्रवणिका लावून बसत, हळूहळू बारीक होत जाणाऱ्या आवाजांत उच्चारलेले आंकडे ऐकत आणि ते कागदावर लिहीत. ज्या मुलांस गुरुजी मठ्ठ किंवा बेपर्वा समजत होते, त्यांच्यापैकीं कित्येकांस मागच्या बांकावरून नीट ऐकूंच येत नव्हतें, हें अशा तपासणींतून उघडकीस येऊं लागलें. बीथोव्हेनची तंद्री आणि या मुलांचा मठ्ठपणा, दोहोंच्या मुळाशीं एकच चूक होती.

मोजणारें यंत्र आलें, तरी मोजमापावरून मनुष्याला पुन्हां संभाषणांत आणून बसविणारा व्यवसाय अजून जन्मास यावयाचा होता. तो दुसऱ्या महायुद्धानें जन्मास घातला. तोफांच्या व स्फोटांच्या आवाजानें हजारों तरुण सैनिकांचे कान बिघडले. हे सैनिक वृद्ध नव्हते; त्यांच्यापुढें सारें आयुष्य होतें. अमेरिकन सैन्यानें त्यांच्यासाठीं स्वतंत्र श्रवणकेंद्रें काढलीं. त्यांपैकीं पेन्सिल्व्हेनियांतील बटलर गांवच्या डेशॉन रुग्णालयांत कॅप्टन रेमंड कार्‌हार्ट यानें १९४४ पासून जें काम केलें, तें या शास्त्राचा पाया ठरलें. कार्‌हार्ट हा डॉक्टर नव्हे, तर वाणीशास्त्राचा प्राध्यापक होता. केवळ सूर ऐकूं येतो कीं नाहीं हें पाहून तो थांबत नसे. ठराविक शब्द ऐकवून त्यांपैकीं किती नीट समजतात, हें तो मोजी. निरनिराळीं श्रवणयंत्रें सैनिकाच्या कानास लावून कोणत्या यंत्रानें बोलणें अधिक स्पष्ट समजतें याची तुलना केली जाई. त्याबरोबर ओंठांच्या हालचालींवरून बोलणें ओळखण्याचें व नव्या यंत्राची कानास संवय लावण्याचें शिक्षणही दिलें जाई. कार्‌हार्ट व सैन्यांतील कर्णवैद्य नॉर्टन कॅनफील्ड यांच्या प्रयत्नांनीं या विद्येचें ऑडिऑलॉजी हें नांव रूढ झालें. युद्धानंतर कार्‌हार्टनें नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत तिचें अध्यापन सुरू केलें.

डेशॉनच्या सैनिकांना एक सोय अशी होती कीं, तेथें सर्वच समदुःखी होते. कोणीं कोणास हंसण्याचें कारण नव्हतें, आणि कानांचा आलेख हा तेथें क्ष-किरणाच्या चित्राइतकाच साधा कागद होता. याच सुमारास, १९४८ च्या जुलै महिन्यांत, इंग्लंडांत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि तिच्यामार्फत मेड्रेस्को नांवाचें श्रवणयंत्र लोकांना विनामूल्य मिळूं लागलें. यंत्रेंही लहान होत गेलीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मिलर हचिसन या अमेरिकन तरुणानें बनविलेलें विजेचें श्रवणयंत्र इंग्लंडच्या राणी अलेक्झांड्रेनें वापरलें होतें, पण तें टेबलावर ठेवावें लागे. निर्वात नळ्यांचीं यंत्रें छातीवर व जड बॅटरी कमरेस, अशीं बाळगावीं लागत. १९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि बाजारांत आलेल्या त्याच्या अगदीं पहिल्या वस्तूंपैकीं एक १९५२ सालचें श्रवणयंत्र होतें. १९९६ च्या सुमारास पूर्णपणें अंकीय पद्धतीचीं यंत्रें निघालीं. त्यांच्यांत जो सूर जितका कमी ऐकूं येत असेल तितकाच तो वाढविण्याची सोय असते. म्हणूनच आलेखावांचून घेतलेलें यंत्र हें दुसऱ्याच्या नंबरच्या चष्म्यासारखें होय.

भारतांत बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाचा आरंभ मुंबईंत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत तेथें मूकबधिरांची पहिली शाळा निघाली. श्रवणतज्ज्ञ मात्र यावयास त्यानंतर ऐंशी वर्षें लागलीं. १९६५ सालीं म्हैसूर येथें अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्था स्थापन झाली आणि १९६६ सालीं मुंबईच्या नायर रुग्णालयाशीं संलग्न असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांत या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९८३ सालीं मुंबईंत वांद्रे येथें राष्ट्रीय श्रवणसंस्था निघाली. तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचें नांव दिलेलें आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या कायद्यानें या व्यवसायास नोंदणीची शिस्त लागली, आणि २००६ सालीं बधिरता-प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अशा रीतीनें मोठ्या शहरांतून तरी साधनांचा अभाव ही सबब उरली नाहीं.

तरीही मदत घेणारे लोक गरजवंतांच्या मानानें थोडेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांत दीडशें कोटींहून अधिक लोकांस कमी-अधिक श्रवणदोष असून त्यांपैकीं सुमारें त्रेचाळीस कोटींस उपचारांची वा साहाय्याची गरज आहे. हा दोष आस्ते आस्ते येतो आणि मनुष्य त्याच्याशीं नकळत जुळवून घेतो, म्हणून तो त्याच्या स्वतःच्या आधीं घरच्यांस दिसतो. रेडिओचा आवाज दिवसेंदिवस वाढत जातो. पाठमोरें असतां मारलेली हांक पोंचत नाहीं. स्त्रियांचे व लहान मुलांचे बोल पुरुषांच्या बोलण्यापेक्षां कमी समजतात. लग्नकार्यांत, चारजणांच्या गलक्यांत मनुष्य नुसती मान डोलवितो व हळूहळू तेथें जाणेंच टाळूं लागतो. आणि घरचीं माणसें म्हणतात, हल्लीं यांचा स्वभाव फार एकलकोंडा झाला आहे. लहान मूल वेळेवर बोलूं लागलें नाहीं, तर ‘बोलेल सावकाश’ म्हणून थांबणें विशेष घातक होय, कारण भाषा शिकण्याचीं वर्षें परत येत नाहींत.

अशा वेळीं काय करावें, हें या इतिहासानेंच ठरवून दिलें आहे. कान दुखत वा वाहत असेल, चक्कर येत असेल, किंवा एका कानानें एकाएकीं ऐकूं येईनासें झालें असेल, तर तत्काळ कानाच्या डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. एकाएकीं आलेल्या बहिरेपणांत दिवसांचाही विलंब महाग पडतो. इतर बाबतींत श्रवणतज्ज्ञाची तपासणी पुरेशी मार्गदर्शक असते. आवाजबंद खोलींत कानास श्रवणिका लावून बसावयाचें आणि अगदीं बारीक सूर ऐकूं आला तरी कळ दाबावयाची किंवा बोट वर करावयाचें, एवढेंच तींत असतें. वीस डेसिबलपर्यंतचे सूर ऐकूं आले तर श्रवण चांगलें. चांगल्या कानाचीही मर्यादा पस्तिसाच्या पलीकडे गेली असेल तर मदतीवांचून संसाराचे व्यवहार अवघड जातात. पुढें हाडाच्या वाटेनें सूर ऐकवितात, शब्द ऐकवून ते उच्चारावयास सांगतात, आणि दोष वाटेंत आहे कीं आंत आहे, यंत्राचा उपयोग होईल कीं शस्त्रक्रियेचा, हें त्यावरून ठरतें. यंत्र घेतल्यावरही पहिले कांहीं आठवडे भांड्यांचे, पंख्याचे व रस्त्याचे विसरलेले आवाज नकोसे वाटतात. मेंदूला त्यांची पुन्हां ओळख व्हावी लागते. पुष्कळ लोक नेमक्या याच वेळीं यंत्र कपाटांत टाकतात. त्याऐवजीं श्रवणतज्ज्ञाकडे परत जाऊन तें जुळवून घेतलें पाहिजे. यंत्रानें तरुणपणचा कान परत मिळत नाहीं, पण बहुतेकांस संभाषण परत मिळतें.

या सर्वांत घरच्या माणसांचा वांटाही मोठा आहे. समोर येऊन, उजेडांत तोंड ठेवून, न ओरडतां पण सावकाश बोलणें, आणि न समजलेलें वाक्य ‘जाऊं द्या, कांहीं नाहीं’ म्हणून सोडून न देतां दुसऱ्या शब्दांत सांगणें, एवढें सौजन्य कोणत्याही घरास परवडण्यासारखें आहे. वेगेलरला लिहिलेल्या पत्रांत आपलें गुपित फोडूं नये म्हणून बीथोव्हेननें विनविलें, कारण तें उघड झाल्यानें लाभ कोणताच नव्हता. त्याला मदत करूं शकेल असा मनुष्य साऱ्या युरोपांत नव्हता. आज तो अर्ध्या-पाऊण तासाच्या तपासणीच्या अंतरावर आहे. त्याच्या दाराशीं वडीलधाऱ्यांना घेऊन जाण्याचें काम मात्र कोणत्याही यंत्राला करतां येत नाहीं. तें मुलानें, सुनेनें, नातवानेंच करावयाचें असतें.